सर मला चांगलं म्हणाले

बायकोला क्लासवरून आणायला जायचं, एवढंच मी त्या दिवशी ठरवलं होतं. त्यात गैर काही नाही. जगातले नवरे बायकांना आणायला जातात. (मी कधी गेलो नव्हतो, हा भाग वेगळा.) पण ऑफिस लवकर सुटलं, घरी येऊन बघतो तर घर रिकामं, आणि मनात आलं, चला, हे कराटे म्हणजे असतं तरी काय ते बघून येऊ.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला कराटे बघायचं नव्हतं. मला सर बघायचे होते.

आमच्या घरात गेली तीन वर्षं सर राहत होते. म्हणजे बायकोच्या बोलण्यात हो. "सर म्हणतात, पाणी बसून प्यावं." "सर म्हणतात, उशी पातळ हवी." अरे, पातळ उशीचं मी लग्न झाल्यापासून सांगतोय! तेव्हा ती माझी भुणभुण होती. सरांनी सांगितल्यावर ते शास्त्र झालं, आणि दुसऱ्या दिवशी घरात पातळ उशा आल्या. त्यावर डोकं ठेवून मी रात्र रात्र छताकडे बघत पडायचो.

बरं, ही ओळख झाली कशी, तेही ऐका. माझी बायको दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टरांकडून ठसा येतो, ही त्यावरून दात घडवते. सरांचे पुढचे दोन दात कुठल्याशा स्पर्धेत कोणाच्या तरी टाचेला अर्पण झाले होते. रंग जुळवायला सर स्वतः लॅबमध्ये आले, हिने दात केले, सर आरशात बघून हसले, आणि त्या आठवड्यात हिने कराटेच्या क्लासात नाव घातलं. म्हणजे विचार करा. एका परक्या माणसाचं हसू माझ्या बायकोने स्वतःच्या हातांनी घडवलंय. माझ्या दाढेत फट पडलीय, तिच्याकडे बघायला मात्र बाईसाहेबांना सवड नाही.

आणि ते साधंसुधं कराटे असतं तरी मी चालवून घेतलं असतं. हवेत हात फिरवायचे, ओरडायचं, घरी यायचं. हे निघालं फुल कॉन्टॅक्ट. तोंडावर गुद्दा मारायचा नाही, बाकी सगळीकडे खराखुरा मारायचा. हातात ग्लोव्हज नाहीत, अंगावर चिलखत नाही. क्लासवरून आली की ही आरशासमोर उभी राहून डाग मोजायची. "हा मांडीवरचा सरांचा. हा पोटरीवरचा बाईंचा. अहो, हा बघा ना, हिरवा व्हायला लागला!" एकदा तर शेजारच्या वहिनींना बोलावून दाखवलं. लग्नाला वीस वर्षं झाली, माझी एकही वस्तू तिने अशी कौतुकाने शेजारणीला दाखवलेली नाही. मला हेवा वाटायचा. काळजी वाटते असं मी ऑफिसात सांगायचो, पण तो होता शंभर नंबरी हेवा.

तर गेलो. हॉल एका टायरच्या दुकानावर होता. जिना चढून वर आलो, दार उघडं होतं, मी आपला सरळ आत शिरलो. तोच सगळा हॉल थांबला. पांढऱ्या कपड्यातली वीसेक माणसं माझ्या पायांकडे बघायला लागली. मीही बघितलं. बूट होते, दुसरं काही नव्हतं.

पिकल्या केसांच्या, भरल्या अंगाच्या एक बाई पुढे आल्या. कमरेला तपकिरी बेल्ट. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या या बाई म्हणजे पोटरीवरचा डाग, हे मला नंतर कळलं.

"बूट," बाई म्हणाल्या.

मी काढले.

"टोकं दाराकडे. टाचा भिंतीला."

मी फिरवले.

"आता वाकून नमस्कार करा."

"कोणाला?"

"हॉलला."

हॉलला नमस्कार मी जन्मात केला नव्हता. कुठल्या बाजूला करायचा तेही कळेना. घाईत जिकडे तोंड होतं तिकडे वाकलो. वर बघतो तर समोर गार हवेचा कूलर. बाईंनी मला भिंतीशी गुडघ्यांवर बसवून हळू आवाजात नियम सांगितले. इथे कोणी काही सांगितलं की 'ओस' म्हणायचं. हो म्हणजे ओस, कळलं म्हणजे ओस, आभारी आहे म्हणजे ओस, माफ करा म्हणजेही ओस.

"आणि नाही म्हणायचं असेल तर?"

"नाही हा शब्द इथे नाही," बाई म्हणाल्या.

आणि तिथे, पहिल्या रांगेत, माझी बायको उभी होती. जिच्या तोंडून मी दिवसभरात 'नाही' सोडून दुसरं फारसं ऐकत नाही ती माझी बायको. सर म्हणाले, "पाय वर." "ओस!" सर म्हणाले, "अजून वर." "ओस!" सर म्हणाले, "परत." "ओस!" एकदाही 'का?' नाही. एकदाही 'तुम्हीच करा की!' नाही.

सर दिसायला हिरो असते तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. हे निघाले बुटके. टक्कल. थोडंसं पोट, माझ्याइतकंच. आवाज तर इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं. म्हणजे माझ्यात आणि त्यांच्यात फरक फारसा नव्हताच, आणि तोच तर त्रास होता.

मग जोड्या लागल्या. सर बायकोसमोर उभे राहिले आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तिच्या मांडीवर लाथ मारली. गादी झोडपल्यासारखा आवाज आला. मी अर्धा उठलो. बायकोचं तोंड कळवळलं, ती एक पाऊल मागे गेली, वाकली, "ओस!" म्हणाली आणि हसली. हसली! परवा झोपेत माझं कोपर चुकून हिच्या बरगडीला लागलं, तर सकाळचा चहा होईपर्यंत माझी उलटतपासणी चालू होती.

घरी येताना मी विषय काढलाच.

"त्याने तुला लाथ मारली."

"त्यांनी म्हणा. सर आहेत."

"बरं, त्यांनी. त्यांनी लाथ मारली आणि तू आभार मानलेस!"

"माझा पाय चुकीच्या जागी होता. तो त्यांनी दाखवला."

"दाखवायला तोंड नाही का त्यांना?"

"तुम्ही वीस वर्षं तोंडानेच दाखवताय ना?" बायको म्हणाली, "मला कळलं का काही?"

पुढच्या आठवड्यात मी क्लासात नाव घातलं. कारण विचारलं तेव्हा 'पोट कमी करायचंय' असं सांगितलं. खरं कारण हेच की यापुढे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

पण लक्ष ठेवायला दिसायला तर हवं! क्लासात बेल्टप्रमाणे उभं राहतात. पांढरा बेल्ट सगळ्यात मागे, कूलरशेजारी. बायको हिरवी, म्हणजे पार पुढे. मला दिसायची ती तिच्या बेल्टची गाठ. तिच्यापुढे सर. ती सरांकडे बघायची, सर सगळ्यांकडे बघायचे, आणि माझ्याकडे कूलरमधला गार वारा यायचा.

त्यात एकदा सरांनी मला तिच्यासाठी पॅड धरायला उभं केलं. पॅड म्हणजे जाड उशी. (पातळ उशीचा नियम इथे लागू नव्हता.) ती पॅड मी छातीशी धरायची आणि बायकोने तिच्यावर लाथा मारायच्या. दुसऱ्याच लाथेला मी भिंतीला टेकलो.

"अगं, जरा हळू!"

हॉल परत थांबला. माझ्यामुळे हॉल थांबायची आता सगळ्यांना सवय होत चालली होती.

"डोजोत 'अगं' नाही," सर हळूच म्हणाले. डोजो म्हणजे हाच हॉल, टायरच्या दुकानावरचा. "इथे त्या तुमच्या सीनियर आहेत. वीस जोर."

सात जोर मी काढले. उरलेले तेरा माझ्या वतीने जमिनीने काढले असावेत, कारण मी तिच्यावर आडवा होतो. उठलो, पॅड धरली, आणि वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बायकोला म्हणालो, "अहो, जरा हळू मारता का?"

तिच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलला, तो मी लग्नातही बघितला नव्हता. जरासुद्धा हळू मारलं नाही तिने. पुढे त्याची इतकी सवय झाली की एकदा घरी जेवताना तोंडातून निघून गेलं, "अहो, मीठ देता का?" तिने मीठ दिलं. चूक काही दुरुस्त केली नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. बायकोची परीक्षा जवळ आली होती, तपकिरी बेल्टची. या परीक्षेत एकामागून एक दहा माणसांशी लढायचं, मध्ये बसायचं नाही, पडून राहायचं नाही. मागच्या वर्षी शेवटच्या फेरीत ती खाली बसली होती आणि नापास झाली होती. घरी येऊन मला म्हणाली, "होतं असं." मग बाथरूममध्ये गेली आणि नळ किती तरी वेळ सोडून ठेवला. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा होतो. आत जावं की न जावं हे ठरेपर्यंत ती बाहेर आली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात तो बेल्ट बसला होता. आणि बेल्टहून जास्त आणखी एक गोष्ट.

"सर कोणालाच कधी 'चांगलं' म्हणत नाहीत," पायाला बर्फ लावता लावता ती म्हणाली. "जास्तीत जास्त 'परत' म्हणतात. एकदा जरी मला 'चांगलं' म्हणाले ना, तर बेल्ट नाही मिळाला तरी चालेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी रोज म्हणतो की! जेवणाला म्हणतो, कपड्यांना म्हणतो, परवा पडद्यांनासुद्धा म्हणालो."

"पडदे जुनेच होते," बायको म्हणाली.

मी ऑफिसात जाऊन बसलो. मी कुरियर कंपनीच्या तक्रार विभागात आहे. हरवलेल्या पार्सलांबद्दल दिवसभर लोकांच्या शिव्या खाणे हे माझं काम. त्या दिवशी एकजण फोनवर मला वाट्टेल ते बोलत होता आणि माझ्या डोक्यात एकच, त्या टकल्याच्या एका शब्दासाठी माझी बायको बेल्ट सोडायला तयार आहे!

अशा मनःस्थितीत मी संध्याकाळी क्लासात गेलो. शेवटी मोकळी लढत असते, सगळे जोडीदार बदलत राहतात. सरांनी पहिली फेरी बायकोबरोबर घेतली. ठीक आहे. दुसरी पण तिच्याबरोबरच. आता परीक्षा जवळ आली होती म्हणून घेतली असेल, हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही. तिसऱ्यांदा सर पुन्हा तिच्याकडे वळले आणि माझ्यातला नवरा जागा झाला. मी कूलरपासून निघालो, चार रांगा ओलांडल्या, सर आणि बायको यांच्या मध्ये घुसलो, आणि वाकून, आमच्या ऑफिसात शिकवतात तितक्या अदबीने म्हणालो, "सर, आपल्याला सवड असेल तर माझ्याबरोबर एक फेरी खेळाल का?"

हॉल थांबला. पण आज वेगळा थांबला. बाईंनी डोळे मिटून घेतले. बायकोचा हात तोंडावर गेला.

काय असतं, कोणाशी लढायचं ते सीनियर ठरवतो. सीनियर बोलावतो, ज्युनियर जातो. ज्युनियरने वरच्या बेल्टवाल्याला 'खेळता का' असं आपणहून विचारणं म्हणजे भर हॉलमध्ये आव्हान. 'बघूच तुझ्यात किती दम आहे' असा त्याचा अर्थ. हे मला बाईंनी नंतर समजावून सांगितलं, बर्फाची पिशवी धरून. म्हणजे ज्याला सलग आठ जोर निघत नाहीत अशा पांढऱ्या बेल्टने, काळ्या बेल्टवर कसल्या कसल्या सोनेरी रेघा असलेल्या माणसाला, आपल्याला सवड असेल तर म्हणून ललकारलं होतं.

सरांचा चेहरा एकदम उजळला. बऱ्याच वर्षांत त्यांना कोणी असं विचारलं नसावं. ते हसले. (बायकोने केलेले दोन्ही दात मला पहिल्यांदा जवळून दिसले. काम सुरेख होतं.)

"ओस," सर म्हणाले.

पहिली लाथ मला दिसलीच नाही. माझा डावा पाय मांडीपासून कोणीतरी काढून नेला असं वाटलं, आणि उरलेला मी खाली बसलो. मी उठलो. उजवा पाय गेला. मी उठलो. पोटात काहीतरी आलं. मी उठलो. आता हे शौर्य वगैरे समजू नका. मी पडलो की मागून बायकोचा आवाज यायचा, "उठा!" आणि वीस वर्षांची सवय, ती म्हणाली की मी उठतो.

वेळ संपली तेव्हा मी भिंतीला धरून का होईना, उभा होतो. सर जवळ आले. वाकले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चांगलं."

एवढी शांतता झाली की खालच्या दुकानात टायरमध्ये हवा भरतात ती ऐकू आली. मी बायकोकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं.

घरी जाताना ती पुढे, मी लंगडत मागे.

"अगं, जरा थांब की!"

ती थांबली नाही.

"काय झालं?"

"काही नाही."

"सांग तरी!"

"तीन वर्षं!" ती गर्रकन वळली. "तीन वर्षं मी घाम गाळतेय. पाय बघितलेत माझे? आणि तुम्ही! तुम्हाला बेल्टची गाठसुद्धा मीच बांधून देते. तुम्ही चार वेळा आपटलात काय आणि सर तुम्हाला चांगलं म्हणाले काय!"

बायको माझ्यावर जळत होती! अशा वेळी नवऱ्याने तिची समजूत काढावी, लाजावं, गप्प बसावं. खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. पाय जमिनीवर टेकवत नव्हता, पण मन कसं पिसासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. फोनवर तक्रार करणाऱ्या एका बाईंनाही सांगितलं. (त्यांचं पार्सल अजून मिळालेलं नाही.)

आणि गंमत बघा. त्या दिवसापासून माझा हेवा फिरला. आता सरांनी बायकोची टाच नीट केली की मला वाटायचं, माझी का नाही? तिला दहा वेळा 'परत' म्हणाले की मला वाटायचं, मला एकदाच का? मी सरांवर जळत होतो की बायकोवर, माझं मलाच कळेना. बायको मात्र फक्त माझ्यावर जळत होती, आणि तेवढ्यावर मी खूश होतो.

परीक्षेचा दिवस उजाडला. लढायला दुसऱ्या शाखेतून माणसं येणार होती. त्यांच्यातला एकजण वाटेत गाडी बंद पडून अडकला. दहा फेऱ्या आणि नऊ माणसं. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. बायकोला त्यांतल्या बऱ्याच जणांचा सराव होता, म्हणून ते चालणार नव्हते. नजर फिरत फिरत कूलरपाशी आली.

"शेवटच्या फेरीला तुम्ही," सर मला म्हणाले.

"ओस," मी म्हणालो, कारण नाही हा शब्द तिथे नव्हता.

मी गुडघ्यांवर बसून बघत होतो. पहिल्या तीन फेऱ्या ती मजेत खेळली. मग एक दांडगी मुलगी आली, तिने मांड्या झोडपल्या. मग एक उंच माणूस, त्याच्या लाथा खांद्यावर. सातव्या फेरीला ती पहिल्यांदा पडली आणि उठली. नवव्या फेरीत तिच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता, हात वर राहत नव्हते, आणि एकदा तिचा गुडघा वाकला. मागच्या वर्षी असाच वाकला असेल. पण ती बसली नाही.

माझं नाव पुकारलं. पाय बधिर झाले होते, त्यामुळे मी हेलपाटत मध्ये आलो. आम्ही समोरासमोर उभे राहिलो, वाकलो. ती धापा टाकत पुटपुटली, "नीट खेळा हं."

मी काय ठरवलं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. नळाचा तो आवाज माझ्या कानात होता. म्हटलं, हिचा हात लागायचा अवकाश, आपण पडायचं. हिला विसावा, बेल्ट घरात. सुरुवात झाली, तिने पुढे येऊन मला नुसता हात लावला, आणि मी "आई गं!" करून असा झोकात कोसळलो की खालून टायरवाला काय झालं म्हणून विचारायला वर आला.

सर उठून उभे राहिले. "ही फेरी धरायची नाही. परत."

समोरचा माणूस दया म्हणून पडला, तर तो परीक्षा देणाऱ्याचा अपमान. फेरी बाद, आणि पुन्हा पहिल्यापासून. वाचवायला गेलो आणि तिच्या माथी अर्धमेल्या अवस्थेत आणखी एक अख्खी फेरी मारली!

मी उठलो. बायको माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी होतं.

"तुम्हालाही वाटतं ना, मला जमणार नाही?" ती म्हणाली.

सरांच्या सगळ्या लाथा एकीकडे आणि हे एकीकडे. मुठी वर केल्या आणि खरा उभा राहिलो.

फेरी सुरू झाली. ती मारत होती, मी मारत होतो. आणि लढता लढता मला दिसलं, दर फटक्यानंतर तिचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे जातायत. सरांकडे! समोर लग्नाचा नवरा घामाने निथळतोय आणि ही बघतेय सरांचं तोंड! जेवढा हेवा तीन वर्षं साठवला होता तेवढा सगळा एका हातात आला आणि मी तिच्या पोटावर खराखुरा गुद्दा दिला. (भिंत मऊ लागली असती. मनगट अजून दुखतं.)

तिने माझ्याकडे बघितलं. नीट, पुरतं, माझ्याकडे. कित्येक वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं, म्हणजे बाजारातून काय आणायचं राहिलं ते न आठवता. आणि मला, मला म्हणाली, "ओस!"

मग तिचा डावा पाय माझ्या उजव्या बरगडीखाली लागला.

तिथे यकृत असतं. त्या फटक्याची खोड अशी की आधी काहीच होत नाही. मी हसलोसुद्धा. 'एवढंच?' असं म्हणणारही होतो. मग आतून कोणीतरी दिवे घालवत निघालं, पाय मला विचारेनासे झाले, आणि मी हळूहळू, अगदी सावकाश, जमिनीवर घडी होऊन पडलो. या वेळी 'आई गं' म्हणायला श्वासच नव्हता.

ती उभी होती. वेळ संपली तेव्हा ती आपल्या दोन पायांवर उभी होती. सगळा हॉल ओरडत होता, बाई रुमालाने डोळे पुसत होत्या.

शेवटी सगळे रांगेत बसले. सरांनी बायकोला पुढे बोलावलं, हिरवा बेल्ट सोडला आणि तपकिरी बेल्ट स्वतःच्या हातांनी बांधला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मी मागून बघत होतो, मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण त्या पाठीवरून मला कळत होतं ती कशाची वाट बघतेय ते. सर म्हणाले, "उद्यापासून डाव्या पायाचं काम. परत."

"ओस," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात मी तिला त्या हॉलमध्ये 'ओस' म्हणताना ऐकलं नव्हतं.

माझ्याच्याने राहवलं नाही. बरगडी धरून मी हात वर केला. शेवटच्या रांगेतल्याने त्या वेळी तोंड उघडायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. गेलं खड्ड्यात.

"सर, तिला चांगलं म्हणा ना! मला म्हणालात. मी काय केलं होतं? नुसता पडलो होतो. तिने एवढं केलं, तिला एक शब्द म्हणायला काय होतं?"

हॉल थांबला. बायकोने वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात हेवा कुठे उरला नव्हता.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "मी 'चांगलं' कोणाला म्हणतो सांगू? जो माणूस उद्यापासून येणार नाही अशी माझी खात्री असते त्याला. बिचारा निदान जाताना खूश होऊन जावा." ते बायकोकडे वळले. "यांना मी तीन वर्षांत एकदाही म्हणालेलो नाही."

बायकोचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू!

सरांसमोर मोठ्याने हसायचं नाही, असा डोजोचा दंडक आहे. बेल्ट नीट करायचा असेल तर मात्र सगळ्यांकडे पाठ करून करतात. त्या क्षणी अख्ख्या हॉलचे बेल्ट सैल झाले. बाई वळल्या, ती दांडगी मुलगी वळली, पाहुणे वळले, आणि सगळ्यांच्या पाठी गदगदा हलायला लागल्या. सगळ्यात आधी वळली ती माझी बायको, जिचा बेल्ट सरांनी आत्ता आत्ता घट्ट बांधला होता. सगळ्यात शेवटी वळले सर.

एवढ्या पाठींसमोर मी एकटाच बसलो होतो, आणि खरोखर सुटलेला बेल्ट त्या हॉलमध्ये एकच होता, माझा.